मिशिगनमध्ये राहतो, नुकतंच ग्रीन कार्ड मिळालंय. वातावरण बघता घरात बंदूक असावी असं वाटतं. पहिली कोणती घ्यावी, आणि प्रेपर (संकटासाठी आधीच तयारी करून ठेवणाऱ्या) लोकांच्या गटात जावं का?

घाईत असाल तर एवढंच वाचा. पहिली बंदूक पॉइंट टू टू (.२२ कॅलिबर, म्हणजे बारीक गोळीची) रायफल. रुगर १०/२२ घ्या. १९६४ पासून बनतेय, सहसा बिघडत नाही, खांद्याला धक्का नाही, गोळ्या स्वस्त. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन नीट शिका. वर्षभराने घरासाठी आणखी काही हवंच असं वाटलं तर २० गेज मापाची पंप शॉटगन (छर्रे उडवणारी), मॉसबर्ग ५००. पिस्तूल नको. एआर-१५ (लष्करी धाटणीची रायफल) तर नकोच. आणि गटात जायचंच असेल तर जिथे बंदुकीचा विषय सगळ्यात शेवटी निघतो अशा गटात जा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. "वातावरण बघता" हे तुमचे शब्द. आमचे साडू २०२० च्या उन्हाळ्यात हेच शब्द दिवसातून चारदा म्हणायचे.

गैरसमज नको, मला बंदुकीचं वावडं नाही. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पालथं पडून पंचवीस यार्डांवर ग्रुपिंग काढायचो (सगळ्या गोळ्या एकमेकींजवळ), त्याचा अभिमान अजून आहे. वर लिहिलेल्या दोन्ही बंदुका माझ्या तिजोरीत आहेत. त्यामुळे "तुम्हाला काय कळतंय" हे मला सांगू नका. साडूंनी सांगून झालंय.

आम्ही दोघंही डेट्रॉइटच्या उपनगरात, अर्ध्या तासाच्या अंतरावर. २०२० च्या मार्चमध्ये लोक टॉयलेट पेपरनंतर बंदुकांच्या दुकानांबाहेर रांगा लावू लागले. त्या वर्षी एफबीआयकडे बंदूक आणि परवान्यांसंबंधी जवळजवळ ४ कोटी पडताळण्या झाल्या, तोवरचा उच्चांक. नाइन एमएमच्या गोळ्यांचे डबे दिसेनासे झाले. ३० एप्रिलला राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगच्या विधानभवनात लोक रायफली गळ्यात अडकवून शिरले. ते फोटो बघून आमच्यासारख्या माणसाच्या पोटात गोळा येणार नाही तर काय होणार?

ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने आम्ही दोघं 'तयारी' करणाऱ्या एका गटात जायला लागलो. सुरुवात उत्तम होती, हे मान्यच. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी साठवा. सम्प पंपाला (तळघरातलं पाणी उपसणाऱ्या) बॅटरीचा जोड द्या, कारण इथे वीज गेली की तळघर भरतं. जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका. (हे फार महत्त्वाचं आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सस गोठलं तेव्हा ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून, कोळशाची शेगडी घरात आणून लोक कार्बन मोनॉक्साइडने गेले.) एक म्हातारा हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संपर्क) शिकवायचा, सोन्यासारखा माणूस. तांदूळ-कडधान्य साठवण्याचं प्रात्यक्षिक बघून माझी बायको गालातल्या गालात हसत होती. आमच्या घरात तांदूळ, तूरडाळ, साखर महिन्याच्या खाली कधी गेलेलीच नाही, शिवाय सासूबाईंनी पाठवलेल्या कुरडया-पापडांचे डबे वेगळे.

मग हळूहळू रेडिओवाला मागच्या खुर्चीत गेला आणि पुढे दुसरेच लोक बोलायला लागले. वादळ, वीज, पाणी हे विषय पंधरा मिनिटांत उरकायचे. उरलेला वेळ "ते येतील तेव्हा". ते कोण, हे कोणी विचारायचं नाही. रेंजवरच्या गोल टार्गेटच्या जागी माणसाच्या आकृत्या लागल्या. आणि एके दिवशी शेजाऱ्यांची यादी आली. मूळ यादी शहाणपणाची होती: कोणाकडे जनरेटर, कोण नर्स, कोणाला ऑक्सिजन लागतो. नव्या यादीत एक रकाना वाढला होता, "लक्ष ठेवा". निवडणुकीचं वर्ष, म्हणून कोणाच्या अंगणात कोणाच्या प्रचाराची पाटी हेही त्यात. आमच्या गल्लीतलं येमेनी कुटुंब त्या रकान्यात होतं. मी कागद तिथेच टेबलावर ठेवला आणि पुन्हा गेलो नाही.

साडू मात्र जात राहिले. त्यांचा युक्तिवाद ऐका, कारण तुमच्याही मनात तो असणार. "आपण सावळे. बाहेर राहिलो तर उद्या आपलंच नाव त्या रकान्यात. आत असलेलं बरं." सरळ उत्तर देतो. ज्या गटात जागा टिकवण्यासाठी दुसऱ्या कोणाचं नाव यादीत असावं लागतं, तिथे तुमची जागा वारं फिरेपर्यंतच. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत बर्फाचा पाऊस झाला आणि इथे लाखो घरांची वीज दिवसेंदिवस गेली. माझी बॅटरी संपल्यावर सम्प पंपाला वायर ओढून दिली ती त्याच येमेनी घरातून. गटातलं कोणी आलं नाही. साडू म्हणतात, हा योगायोग. असेल.

२०२० च्या ऑक्टोबरात मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांना पळवून नेण्याचा कट एफबीआयने उघड केला. त्यातल्या काहींच्या बैठका ग्रँड रॅपिड्सला व्हॅक्यूम क्लीनरच्या दुकानाच्या तळघरात चालायच्या. दोघा म्होरक्यांना २०२२ मध्ये सोळा आणि साडेएकोणीस वर्षांहून जास्त शिक्षा झाली. त्याच केंद्रीय खटल्यात दोघं निर्दोषही सुटले, आणि एफबीआयच्या खबऱ्यांनीच त्यांना चढवलं असा बचाव झाला होता, हेही सांगायला हवं. साडू म्हणाले, "ते वेगळे लोक." वेगळेच होते, आमच्या गटाचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण तीही मंडळी आधी सरावालाच जमत होती. मिशिगनला हे नवीनही नाही. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं मारणाऱ्या टिमोथी मॅकव्हेचा साथीदार टेरी निकोल्स इथलाच, आणि मॅकव्हे त्याच्या भावाच्या डेकरच्या शेतावर राहून गेलेला.

खरा भडका मात्र राजकारणावरून उडालाच नाही. २०२० च्या दिवाळीला साडूंकडे गेलो, कोट अडकवायला कपाट उघडलं, तर कोटांच्या मागे एआर-१५. गोळ्यांचं मॅगझिन लावलेली. कुलूप नाही. घरात चौदा वर्षांचा भाचा. माझी मुलगी त्या रात्री मावशीकडे राहायची होती. मी तिची बॅग परत गाडीत ठेवली आणि सांगितलं, ही वस्तू कुलपात जाईपर्यंत माझी मुलगी इथे रात्रीची राहणार नाही.

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आमच्या पोरावर संशय घेताय." साडू म्हणाले, "कुलूप काढेपर्यंत चोर बेडरूममध्ये येईल." दुसऱ्या दिवशी सांगलीहून सासूबाईंचा फोन: बंदुकीवरून कोणी फराळाच्या ताटावरून उठतं का? उठतं. पुन्हा उठेन. पाच वर्षांच्या पोराच्या हाती कात्री लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवणारी माणसं चौदा वर्षांच्या पोराच्या बाबतीत एवढी निर्धास्त कशी असतात, मला आजही समजलेलं नाही.

वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२१ ला, ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार मुलांना मारलं. आमच्यापासून तासाभराच्या आत. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी घेतलेलं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या अशा गोळीबारासाठी आईबापांना हा गुन्हा लागण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. साडूंनी २०२१ च्या डिसेंबरातच तिजोरी घेतली. सेल होता म्हणून घेतली, असं ते सांगतात. बोटाच्या ठशाने दोन सेकंदांत उघडते, म्हणजे चोराचा मुद्दाही निकालात.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने माणसं मारली. २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोतला मित्राबरोबर बारमध्ये बसला होता, "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणत एकाने गोळ्या घातल्या. पण बघा, एक देवळासारख्या जागी, दुसरा ऑफिसनंतर बिअर प्यायला गेलेला. घरातल्या कपाटातली रायफल दोन्हीकडे काय करणार होती?

आणि घरातली बंदूक बहुतेक वेळा कोणावर चालते हे आपल्या मंडळींत कोणी बोलत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत गोळीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. कॅलिफोर्नियात काही कोटी लोकांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये आला: पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे आठ पट. नोकरी गेली, व्हिसा लटकला, घरी बोलता येत नाही, अशी माणसं आपल्यात कमी नाहीत. पिस्तूल नको म्हणालो ते मुख्यतः यामुळे. शिवाय ते नीट चालवायला सगळ्यात अवघड. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे जिप्समचा बोर्ड, नेम चुकला तर गोळी मुलांच्या खोलीत. शॉटगनचे छर्रेही भिंतीतून जातात, हे लिहिलं नाही तर साडू खाली प्रतिक्रियेत येऊन लिहितील.

तुम्हाला पुढे नागरिकत्व घ्यायचं असेल तर आणखी एक. एन-४०० फॉर्ममध्ये विचारतात: तुम्ही कधी निमलष्करी गट, "सेल्फ-डिफेन्स युनिट" अशा शस्त्रधारी गटांत होता का? शस्त्रप्रशिक्षण घेतलंय का? शनिवारी शेतावर जाऊन माणसाच्या आकृतीवर गोळ्या झाडणाऱ्या मंडळात असाल तर त्या रकान्यात काय भरणार, हे आधी ठरवा. साडू नागरिक होते, त्यांना फिकीर नव्हती. तुम्हाला करावी लागेल.

राहिलेलं. १३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये लांब बंदुकीलाही स्थानिक पोलिसांकडून खरेदी परवाना लागतो, आणि घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर बंदूक कुलूपबंद पेटीत, नाहीतर रिकामी करून तिलाच कुलूप लावून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे आता माझं म्हणणं कायदाच म्हणतोय, साडू. ग्रीन कार्डवर तुम्ही बंदूक घेऊ शकता. पण घरात कोणी एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबाच्या) व्हिसावर असेल, किंवा आईबाबा टुरिस्ट व्हिसावर आले असतील, तर शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता त्यांनी बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. तिजोरीची किल्ली त्यांच्या हाती लागू देऊ नका. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही यात मोडतं, तेव्हा बाबांना रेंजवर नेऊन फोटो काढायची हौस आवरा. या सगळ्याची खात्री वकिलाकडून करून घ्या. मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो.