कोइंब्राला शिकायला निघताना

प्रिय विद्यार्थिमित्रा,

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. व्हिसा, खोली, बँक ही कामं होतीलच. हे पत्र तिथल्या रीतींबद्दल आहे, कारण पहिल्याच आठवड्यात त्या तुझ्यासमोर उभ्या राहतील.

राजा दिनिशने 1290 मध्ये स्थापलेलं हे विद्यापीठ 1537 पासून कायमचं कोइंब्रात आहे. तिथल्या रीती मात्र विद्यार्थीच चालवतात. म्हणून त्यांचे नियम माहितीपत्रकात शोधू नकोस, वरच्या वर्षातल्या मुलामुलींना विचार.

विद्यार्थ्यांचा पारंपरिक काळा पोशाख दुकानात कोणालाही मिळतो. फोटोपुरता घेऊ नकोस. पांढरा सदरा, काळा टाय, काळा कोट आणि वर जाड काळी ‘कापा’ म्हणजे झगा. कापाच्या कडेला फाटलेलं दिसलं तर ती हयगय समजू नकोस. डावीकडची फाड घरच्यांची, उजवीकडची मित्रांची, मागे मधोमध असलेली प्रेमाच्या माणसाची. जवळची माणसं कात्री न घेता हाता-दातांनी ती फाडतात. प्रेम तुटलं तर मधली फाड शिवून टाकतात. जुन्या रीतीने कापा धूतही नाहीत. तेव्हा कोणाची कापा स्वच्छ करून देण्याचा चांगुलपणा दाखवू नकोस.

आता गाणं, म्हणजे फादो हा पोर्तुगीज गायनप्रकार. कोइंब्राचा फादो लिस्बनच्या फादोपेक्षा वेगळा आहे. परंपरेने तो पुरुष गातात, कापा पांघरून, रात्री, उघड्यावर. गिटार पोर्तुगीजच, बारा तारांची, सहा जोड्यांत. पण लिस्बनच्या गिटारीपेक्षा एक पूर्ण स्वर खाली लावलेली. म्हणून नाद खोल आणि गडद येतो. ओळखायची सोपी खूण शेंड्याशी आहे: लिस्बनच्या गिटारीला गोगलगाईसारखी गुंडाळी, कोइंब्राच्या गिटारीला अश्रूचा थेंब. कोइंब्राच्या गिटारीचं हे रूप घडवण्यात वादक आर्तुर पारेदेश यांचा मोठा वाटा. त्यांचे पुत्र कार्लुश पारेदेश यांचं वादन जाण्याआधीच ऐकून ठेव, कान तयार होईल.

मे महिन्यात ‘केइमा दाश फीताश’ हा फितींचा उत्सव सुरू होतो तो सेरेनातापासून, म्हणजे रात्रीच्या फादोच्या मैफलीपासून. जागा जुन्या कॅथेड्रलच्या, म्हणजे से वेल्याच्या पायऱ्या, वेळ मध्यरात्र. चौक लहान आणि उतारावर आहे, त्यामुळे बारा वाजता पोचणाऱ्याला मागच्या गल्लीतून फक्त पाठी दिसतात. दहाच्या सुमारास जा. दगडी फरसबंदी ओली असली की घसरते, रबरी तळव्याचे बूट घाल. विद्यार्थी कापा अशी लपेटून घेतात की सदऱ्याचा पांढरा रंग दिसू नये. टाळ्या वाजवायच्या नाहीत. नवखे लोक नेमके इथेच चुकतात: पहिलं गाणं संपताच टाळी पडते आणि सगळा चौक वळून बघतो. कोइंब्राच्या फादोला दाद द्यायची जुनी पद्धत म्हणजे घसा खाकरणं. फोनचा उजेडही नको.

फितींचा रंग विद्याशाखा सांगतो: वैद्यकशास्त्र पिवळं, कायदा लाल, साहित्य गडद निळं, औषधनिर्माण जांभळं. तुझी शाखा विज्ञान-तंत्रज्ञान असेल तर फिकट निळा आणि पांढरा.

हे सगळं अखंड चालत आलंय असं मात्र समजू नकोस. 17 एप्रिल 1969 रोजी गणित विभागाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष आले असताना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाने बोलण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. आंदोलन पेटलं, विद्यार्थ्यांनी शोक जाहीर केला, उत्सव बंद केला. तो परत आला 1980 मध्ये. काहींना आजही हा पोशाख जुन्या हुकूमशाही राजवटीची आठवण वाटतो, काहींना प्रतिकाराची. दोघांचं ऐकून घे. गोव्याचे अदेओदातो बार्रेतो इथेच शिकले आणि 1928 मध्ये इथूनच त्यांनी ‘इंदिया नोव्हा’ हे नियतकालिक काढलं. म्हणजे राजवटीला प्रश्न विचारणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचाही या गावाशी जुना संबंध आहे.

‘प्राशे’बद्दल स्पष्ट लिहिते. नव्यांना सामावून घेण्याच्या या प्रथेत खेळ, गाणी, थट्टा असते आणि कधीकधी ती रॅगिंगच्या हद्दीत जाते. भाग घेणं ऐच्छिक आहे. दारू पाजायचा किंवा अपमानाचा प्रकार दिसला तर सरळ ‘नाही’ म्हण आणि निघ. कोणी अडवलं तर विद्यापीठात विद्यार्थ्यांचा ‘प्रोव्हेदोर’ म्हणजे तक्रारनिवारक असतो, त्याच्याकडे जा. प्राशे नाकारलं तरी फादो, सेरेनाता, मैत्री यातलं काहीही तुझ्यापासून कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

शेवटी ‘रेपुब्लिका’. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली ही सामायिक घरं: भिंतींवर चित्रं, नावं शाब्दिक कोट्यांची, निर्णय सगळ्यांच्या संमतीने. वर्धापनदिनाला ते ‘शताब्दी’ म्हणतात, दरवर्षी एक. राहायला जागा हवी असेल तर अर्ज घेऊन दार ठोठावू नकोस. आधी ओळखीतून जेवायला जा, भांडी घासायला हात लाव, दोन-चार वेळा ये-जा होऊ दे. तुझ्याबद्दल घरातल्या प्रत्येकाचं मत विचारलं जातं आणि एकाचा जरी नकार आला तरी खोली मिळत नाही.

तुझी,
मावशी