मोबाईलवर चार्जिंगचा नेमका टक्का दिसायला हवा का?

तुम्ही विचारलंय की बॅटरीचं छोटं चित्र असताना वर टक्क्याचा आकडा कशाला. तो दिसला की उगाच जीव टांगणीला लागतो. माझं मत आहे, दिसायला हवा. मात्र त्याचा खरा उपयोग चार्जिंग किती वेगानं उतरतंय हे कळण्यासाठी आहे. किती उरलंय हे सांगण्यात तो तसा कच्चाच.

यवतमाळ जिल्ह्यात आठवडी बाजाराच्या एका गावी माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. हिवाळ्यात, हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस सुरू झाले की एक तक्रार हमखास येते: "पंधरा टक्के चार्जिंग व्हती ना भाऊ, मंग फोन काऊन बंद पडला?" माणूस रात्रीच्या लाईनवर मोटर लावायला वावरात गेलेला असतो, हातात फोनचाच टॉर्च, आणि धुऱ्यावरून चालताना तोच विझतो. साप-विंचवाच्या जागी ही गंमत नाही.

आता हा पंधराचा आकडा येतो कुठून ते सांगतो. पाण्याच्या टाकीत काठी बुडवून पाणी मोजता येतं, तशी सोय बॅटरीत नाही. फोनमधली एक चिप बॅटरीत किती करंट गेला आणि किती बाहेर आला याचा हिशेब ठेवते, त्याला व्होल्टेजचा आधार घेते आणि अंदाज बांधते. लिथियमच्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसं हलत नाही. सत्तर टक्क्यांवरून तीसवर येईपर्यंत जेमतेम दोन दशांश व्होल्ट उतरतं. एवढ्याशा फरकावरून ५३ की ५४ हे छातीठोकपणे कोण सांगणार? म्हणून हिशेबाची चूक साचत जाते. बॅटरी नवीन टाकली की सुरुवातीला टक्का उड्या मारतो तोही त्यामुळेच. चिपच्या डोक्यात जुन्या बॅटरीचं माप असतं.

आणि बंद पडण्याचं कारण? बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे करंट बाहेर यायला आतून होणारा अडथळा, वाढतो, थंडीत आणखी वाढतो. असा फोन उघडून बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लावला आणि कॉल केला, तर बसल्या जागी ठीक दिसणारं व्होल्टेज रिंग जाताच खाली बसतं. फोनच्या ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की तो स्वतःला बंद करून घेतो. आतला चार्ज संपलेला नसतो, तो काढून देण्याची ताकद नसते. घरी आणून जरा गरम झाला की तोच फोन पुन्हा दहा-बारा टक्के दाखवतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमचा मोबाईल भुताटकीचा निघाला!

मग असा कच्चा आकडा दाखवायचाच कशाला? कारण त्याची वजाबाकी करता येते. उन्हाच्या वेळी वावरात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवर फोटो काढून पिकाची सरकारी नोंद, करायला उभे राहा. स्क्रीनचा उजेड पूर्ण, कॅमेरा चालू, जीपीएस चालू, आणि टेकडीआड नेटवर्कची एकच काडी. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो, ते वेगळंच. दहा मिनिटांत आकडा ४१ वरून ३४ वर आला तर तुम्हाला जागेवर कळतं की बाकीचे गट नंबर आजच उरकायचे तर डेटा बंद ठेवा, नाहीतर घरी जाऊन या. चित्रातल्या बॅटरीत हा फरक दिसतच नाही. पाच-पाचच्या टप्प्यात दाखवा असं काही जण सुचवतात, त्यातही तो अर्धामुर्धाच दिसेल.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास. चंद्रपूर-ब्रम्हपुरीकडे विचारूच नका. बॅटरी जास्त तापली की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, ते बॅटरीच्याच भल्यासाठी. लोक टिनाच्या शेडमध्ये फोन लावून ठेवतात, अर्धा तास ६२ चे ६२ च दिसतात, की चार्जर घेऊन दुकानात हजर. मी म्हणतो, आधी कव्हर काढा, कुलरसमोर ठेवा, मग बोलू. बहुतेकांचा चार्जर चांगलाच असतो. आकडा नसता तर चार्जिंग अडकलंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसतं.

जुन्या बटणवाल्या फोनला आकडा नव्हता, तरी कुणाचं अडलं नाही, हे खरं. पण त्याची एक-एक काडी दिवसभर टिकायची. आजचा फोन काय खातो ते वापरावर ठरतं. ॲपलनं २०१७ मध्ये आयफोन एक्सच्या वरच्या पट्टीतून आकडा काढला, कारण स्क्रीनच्या वरच्या कडेला कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या खाचेमुळे जागा उरली नव्हती. लोकांना तो बोट ओढून बघावा लागे. २०२२ मध्ये आयओएस १६ या आयफोनच्या सॉफ्टवेअरसोबत तो परत आला, पण सुरुवातीला आकडा कमी झाला तरी भोवतालचं चित्र भरलेलंच दिसायचं. त्यावर ओरड झाली आणि नंतर चित्रही आकड्याप्रमाणे कमी होऊ लागलं.

तुम्हाला काळजीच वाटत असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा बंद करता येतो, करून टाका. दिवसभर चार्जरजवळ बसणाऱ्याला त्याची गरज नाहीच. मला खटकतं ते वेगळंच. टक्का हा कशाचा टक्का, हे फोन सांगत नाही. ५००० एमएएचची (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी घासून ४००० वर आली, तरी पूर्ण भरल्यावर १०० च दिसणार, आणि तिचे ५० म्हणजे नव्या फोनचे ४०. आयफोनमध्ये २०१८ पासून बॅटरीची उरलेली क्षमता सेटिंगमध्ये बघता येते. माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त फोनांपैकी बऱ्याच फोनांत ती सापडत नाही. "बॅटरी बदलू का भाऊ?" असं कुणी विचारलं की मला फोन उघडून, ती फुगली आहे का हे बघून आणि मीटर लावूनच सांगावं लागतं.