वाढदिवसाला रडणारा मुलगा

"मॅडम, पाच पूर्ण झाले तरी याला काल-उद्या कळत नाही, रोज संध्याकाळी घड्याळ घेऊन बसवतो, काहीच उपयोग नाही, डोकं कमी तर नाही ना?" नागपुरातल्या मानेवाड्याहून आलेल्या एका आईचा प्रश्न. असा प्रश्न बरेच पालक विचारतात म्हणून लिहितेय.

मुलगा छान बोलका होता. पण वाढदिवसाच्या दिवशी उठल्यापासून रडून राहिला होता, काहून ते घरात कोणालाच कळेना. माझ्याकडे चित्र काढता काढता म्हणाला, "आई म्हणे उद्या तू मोठा होशील, पण मी तर तेवढाच आहे." चुलत बहीण त्याच्याहून लहान पण उंच, तर तिला हा ताई म्हणायचा. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हे फार आधी दाखवलंय, लहान मुलांच्या हिशोबात जो उंच तो वयानं मोठा. म्हणजे पोरगं विचारच करत होतं ना! काल-उद्याचा गोंधळ या वयात चालतोच, आणि घड्याळ नीट वाचणं बऱ्याच मुलांना सात-आठ वर्षांचं झाल्यावरच जमतं.

मी आईला म्हटलं, घड्याळ सध्या राहू द्या. "बाबा सहाला येतील" नको, "झोपून उठलास, दूध प्यायलास, खाली खेळून आलास की बाबा" असं सांगा. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा लाकडी बैलांचा सण, जवळ होता, तर रोज झोपताना कॅलेंडरवरचा एक चौकोन त्यालाच खोडू द्या, म्हणजे किती झोपा राहिल्या ते दिसतं. आणि मोबाईलमधले मागच्या तान्ह्या पोळ्याचे फोटो दाखवा, तेव्हा लाकडी बैल आजोबांनी ओढला होता आणि हा कडेवर होता, आता दोरी स्वतः धरतो, बटणं स्वतः लावतो. मोठं होणं म्हणजे काय ते मुलाला यातून कळतं, उंचीतून नाही, कारण या वयात उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटरच वाढते, दर आठवड्याला भिंतीशी उभं केलं तर तो हिरमुसणारच.

त्यानं आईला अजून एक विचारलं होतं, "मी मोठा झालो की तू लहान होशील का?" घरातले सगळे हसले होते. प्लीज हसू नका, त्यामागे खरी भीती असते. "नाही रे, मी तुझी आईच राहणार, तुझ्याहून मोठीच" एवढं सांगितलं तरी पुरतं.

बोलणं, खेळणं, सांगितलेलं समजणं हेही मागे वाटत असेल तर मात्र वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या मुलाला तशी गरज नव्हती.