हिवाळा सरत आला तरी मरगळ जात नाही. निसर्गात वेळ घालवून मनाला उभारी आणायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून एकदा बागेत जाता, दोन फेऱ्या मारता आणि गेलात तसेच परत येता. फेऱ्या मारणं चांगलंच, पण तो झाला व्यायाम. तुम्हाला हवंय ते एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन, तिथे काय बदललं ते बघण्यातून मिळतं. आणि वसंताच्या सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत रोज काही ना काही बदलत असतं, त्यामुळे ही सवय लावायला याहून सोपा काळ नाही.

आधी एक झाड ठरवा. पानझडी, आत्ता निष्पर्ण असलेलं, आणि एखादी फांदी डोळ्यांच्या उंचीवर येईल असं. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत हवं. ही अट मी सगळ्यात वर ठेवेन, कारण लांबच्या सुंदर रानात माणूस दोनदा जातो आणि तिसऱ्यांदा कारणं शोधतो. एका डहाळीला सैलसर दोरा बांधा, म्हणजे दर वेळी तीच कळी सापडेल. दोरा आवळू नका, फांदी जाड होताना सालीत रुततो.

आता त्या डहाळीच्या टोकाची कळी बघा, अगदी वीतभर अंतरावरून. बहुतेक वेळा ती घट्ट मिटलेली, एकावर एक बसलेल्या खवल्यांनी झाकलेली असते. खाली गळून गेलेल्या पानाच्या देठाचा व्रण दिसेल, त्यात बारीक ठिपके. पानाला पाणी नेणाऱ्या नळ्या जिथे तुटल्या ती ही जागा. काही दिवसांनी खवल्यांच्या मधे फिकट हिरवी रेघ उमटते. मग पान बाहेर येतं ते चुरगळलेल्या कागदासारखं चुण्या पडलेलं, पुष्कळ झाडांत तांबूस, कारण कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपायला त्यात अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं. थंड प्रदेशातली बहुतेक पानझडी झाडं ही कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतात. यातून आयुष्याचा धडा काढायचा मोह होईल, तो आवरा. धडे शोधायला लागलात की बघणं थांबतं.

वेळ किती? 2019 च्या एका अभ्यासात निसर्गात 20 ते 30 मिनिटं घालवली की लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सगळ्यात झपाट्याने उतरलेलं दिसलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या पाहणीत, आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात असणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं; ती मिनिटं एकदम घेतली की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण हिशेब सोपा होतो: आठवड्यातून चारदा अर्धा तास. शक्यतो सकाळी, कारण ढगाळ दिवशीही बाहेर हजाराच्या पुढे, बरेचदा कित्येक हजार लक्स प्रकाश असतो आणि खोलीत जेमतेम काही शे. सकाळच्या त्या उजेडावर शरीराचं घड्याळ जागेवर येतं.

पहिली पाच-सात मिनिटं डोक्यात तेच दळण चालू राहील. राहू द्या. मग डोळे मिटून किती वेगवेगळे आवाज येतात ते मोजा. त्यानंतर कळी, आणि शेवटी वहीत तारीख घालून एकच ओळ: काय बदललं. स्टीफन आणि रेचेल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी अशी की कामात आपण जोर लावून लक्ष देतो आणि ते थकतं. पानांची सळसळ, हलणारे ढग लक्ष आपसूक वेधून घेतात, तेवढ्यात थकलेल्याला विसावा मिळतो. म्हणूनच इयरफोन नको आणि फोन खिशातच. फोटो काढायचाच तर निघताना एक.

बिघडतं कुठे? एक म्हणजे कपडे. बसून राहिलं की चालण्यापेक्षा बरीच जास्त थंडी वाजते. एक थर जास्त घाला, ओल्या जमिनीवर बसायला काहीतरी न्या. दुसरं, परागकण. याच दिवसांत पुष्कळ झाडांचे पराग उडतात. शिंका, डोळ्यांची खाज आणि सुस्ती असेल तर ती मनाची मरगळ नसून ॲलर्जी असू शकते. तिसरं, थंडी पुन्हा परत येते आणि कळी आठवडाभर हलत नाही. बहुतेक जण इथेच सोडतात. वहीत ‘बदल नाही’ असं लिहा आणि जात राहा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. अनेक देशांत आत्महत्यांचं प्रमाण ऐन हिवाळ्यात नाही, तर वसंत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाढतं. दोन आठवडे जवळजवळ दिवसभर उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर पालवीची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, आणि तोवर कोणाला तरी सोबत ठेवा.

पानं पूर्ण उघडली की दोरा सोडा. पुढे त्याच झाडाच्या बुंध्याजवळची दोन हात जमीन धरा. पाचोळ्याखालून काय काय वर येतंय ते बघायला महिना सहज जाईल.