जेवून आलं की स्क्रीन गोठलेला

प्रश्न : हिंजवडीतून एका परदेशी विमा कंपनीचा मेनफ्रेम (मोठा मध्यवर्ती संगणक) सांभाळतो. टीएन३२७०च्या (आपल्या पीसीवरून टेलनेटने मेनफ्रेमला जोडणारी सेवा) प्रोफाइलमध्ये इनॅक्टिव्ह, म्हणजे रिकामं बसण्याची मर्यादा, ० दिलंय. तरी जेवण आणि लांबलेली मीटिंग उरकून आलो की स्क्रीन गोठलेला. पुन्हा लॉगऑन करावं तर ‘युजरआयडी इन यूज’. इनॅक्टिव्ह किती वाढवू?
— एक वाचक, वाकड

उत्तर : वाढवायला काही उरलंच नाही. ० म्हणजे रिकामं बसलात म्हणून टेलनेट सर्व्हर तुम्हाला कधीच काढणार नाही. आणि ‘इन यूज’ म्हणजे मेनफ्रेमच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात. टीएसओची (मेनफ्रेमवर तुम्ही ज्यात लॉगऑन करता ती प्रणाली) जेडब्ल्यूटी, म्हणजे तिची स्वतःची रिकामं थांबण्याची मर्यादा, संपली असती, तर एस५२२ अबेंड (काम मध्येच बंद पडल्याचा संकेत) दिसला असता.

माझा संशय मधल्या फायरवॉलवर आहे. उदाहरणार्थ, सिस्को एएसएमध्ये रिकाम्या टीसीपी जोडणीची मूळ मर्यादा एक तास असते. वेळ संपली की तो आपल्याकडची नोंद पुसतो आणि दोन्ही टोकांना कळवतोच असं नाही. टीसीपीच्या कीपअलाइव्हवर, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे तपासणाऱ्या संदेशावर, विसंबू नका. १९८९च्या आरएफसी ११२२ या इंटरनेट मानकानुसार त्याचा मूळ अवधी दोन तासांहून कमी नसतो, तोवर जोडणी कधीच मेलेली असते. पुण्यातल्या एका बँकेत सिस्टिम्स प्रोग्रॅमर असताना याच मुद्द्यावरून मी नेटवर्कवाल्यांशी कित्येकदा भांडले आहे. आधी त्यांच्याकडून खरा आकडा मिळवा.

मग त्याच प्रोफाइलमध्ये टाइममार्क ६०० आणि स्कॅनइंटरव्हल (सर्व्हर दर किती वेळाने जोडण्या तपासतो) १२० द्या, दोन्ही सेकंदांत. दहा मिनिटं क्लायंटकडून काही आलं नाही की सर्व्हर ‘आहात का?’ विचारतो. एम्युलेटर (तुमच्या पीसीवरचा टर्मिनल प्रोग्रॅम) आपोआप उत्तर देतो आणि त्या ये-जेने फायरवॉलमधली नोंदही जिवंत राहते. उत्तर नाही आलं, तर सर्व्हर जोडणी सोडतो आणि अडकलेलं एलयू (मेनफ्रेमच्या लेखी तुमच्या टर्मिनलचं नाव) मोकळं होतं.

इनॅक्टिव्ह ० मात्र मला मुळीच पटत नाही. पॉलिसीधारकाच्या आजारपणाची माहिती उघडी टाकून कुणी चहाला जातं, तेव्हा ते पॉलिसीधारक आपल्या भरवशावर असतात. ५४०० ठेवा, म्हणजे दीड तास. टाइममार्कची ये-जा त्यात मोजली जात नाही, त्यामुळे मर्यादा खरोखर लागू पडते. प्रिंटरसाठी पीआरटीइनॅक्टिव्ह वेगळं आहे. ते ० राहू द्या, नाहीतर रात्रीचे रिपोर्ट अडकतील.

बदल ओबेफाइलने (चालू सर्व्हरला नवं प्रोफाइल देणारा आदेश) लावलात, तर तो फक्त नव्या जोडण्यांना लागतो. जुन्या आधीच्याच प्रोफाइलवर राहतात. म्हणून तपासण्याआधी सगळ्यांना एकदा एम्युलेटर बंद करून पुन्हा जोडायला सांगा.