आधी ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ पक्के करा

इंग्रजीतले नकार आणि प्रश्न एकाच वेळी शिका, दोन्हींचं यंत्र एकच आहे. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘नाही’ किंवा ‘का’ लावलं की बहुतेकदा भागतं, फार तर ‘करते’चं ‘करत नाही’ होतं. इंग्रजीत आधी सहायक क्रियापद शोधावं लागतं. ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’ वाक्यात असेल तर सोपं: नकारात त्याच्यानंतर ‘नॉट’, प्रश्नात तेच कर्त्याच्या आधी.

खरी गडबड ‘शी वर्क्स हिअर’सारख्या वाक्यात होते, कारण तिथे सहायक दिसतच नाही. मग ‘डझ’ आणायचं, आणि ‘वर्क्स’चा ‘स’ त्यातच जातो: ‘शी डझन्ट वर्क हिअर’, ‘डझ शी वर्क हिअर?’ भूतकाळातही तसंच. ‘ही वेंट’चा प्रश्न ‘डिड ही गो?’ होतो. ‘डिड ही वेंट?’ ही चूक पदवीधरांच्या तोंडीही ऐकू येते, म्हणून ‘ही वेंट’ आणि ‘डिड ही गो?’ ही जोडी मोठ्याने म्हणून घोटा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ‘हू’ स्वतःच कर्ता असेल तर ‘डिड’ नको: ‘हू टोल्ड यू?’

रोज पाच साधी वाक्यं घ्या, प्रत्येकाचा नकार आणि प्रश्न वहीत लिहा. काळांचे तक्ते नंतर बघू.