फायटिंग गेमचा विकी: मूव्हची पानं कशी लावावीत?

प्रश्न: आमच्या विकीवर प्रत्येक मूव्हचं वेगळं पान आहे. 30 पात्रं, प्रत्येकाच्या साधारण 40 मूव्ह. बहुतेक पानं दोन ओळींची आहेत आणि पॅच आला की निम्म्या पानांवर जुनेच आकडे राहतात. पानं एकत्र करावीत का?

उत्तर: जरूर करा. ही 1,200 पानं झाली. एवढी दर पॅचला तपासणं कुणालाच जमत नाही. शिवाय वाचक बहुतेकदा नुकताच सामना हरून आलेला असतो. समोरच्या पात्राची कुठली मूव्ह अडवल्यावर उलट मारता येतं, हे त्याला एका नजरेत दिसायला हवं. म्हणून एका पात्राचं एकच मूव्ह-पान ठेवा. आधी उभ्याने, बसून आणि उडीत मारायच्या नॉर्मल (एका बटणाच्या साध्या मूव्ह), मग कमांड नॉर्मल (दिशा आणि बटण मिळून), थ्रो (पकडून फेकणं), स्पेशल (दिशांच्या क्रमाने निघणाऱ्या खास मूव्ह), शेवटी सुपर (सर्वांत जोरकस मूव्ह). वर्णानुक्रम कृपा करून नको; हलका, मध्यम आणि जड पंच त्यात एकमेकांपासून लांब जातात आणि तुलनाच करता येत नाही.

स्वतंत्र लेख फक्त इतिहास असलेल्या मूव्हला द्या. हादोकेन (हातातून सोडलेला ऊर्जेचा गोळा) 1987च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’पासून आहे, रियू आणि केन दोघांकडे आहे, दर भागात बदलत आली आहे, तिच्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्या लेखातही फ्रेमचे आकडे (फ्रेम म्हणजे गेममधलं वेळेचं सर्वांत छोटं माप) पुन्हा लिहू नका, पात्राच्या पानाचा दुवा द्या. आकडा एकाच ठिकाणी, एका साच्यात (टेम्प्लेटमध्ये), शेजारी गेमची आवृत्ती लिहून. विकीवर कार्गो एक्स्टेंशन असेल तर साच्यातली माहिती तक्त्यात साठते आणि हवी तिथे मागवता येते.

विलीन करताना आधी मजकूर हलवा, संपादन सारांशात मूळ पानाचं नाव लिहा आणि मगच जुनं पान पुनर्निर्देशित (रिडायरेक्ट) करा. ते वगळू नका: बाहेरचे दुवे तुटतात आणि कुणी काय लिहिलं तो इतिहासही नजरेआड होतो. पुनर्निर्देशन थेट त्या ओळीवर न्यायचं, तर मथळ्यावर विसंबू नका. मथळा बदलला की वाचक पानाच्या माथ्यावर येऊन पडतो. तक्त्यातल्या ओळीलाच आयडी द्या. शेवटी विशेष पानांतली दुहेरी पुनर्निर्देशनांची यादी बघा, कारण मीडियाविकी (विकी चालवणारं सॉफ्टवेअर) एकच उडी घेतं, दुसरी नाही.

प्रश्न: चार्ज मूव्हचं (आधी एक दिशा काही वेळ दाबून धरावी लागते अशा मूव्हचं) इनपुट शीर्षकात दिलं की पान तयारच होत नाही.

उत्तर: चौकोनी कंस मीडियाविकीच्या शीर्षकात चालत नाहीत, महिरपी कंस, उभी रेघ आणि हॅशही नाही. ‘[4]6’ (मागे दाबून धरा, मग पुढे) त्यामुळे अडतं. शीर्षकात मूव्हचं नाव, इनपुट तक्त्यात. आकड्यांचा अर्थही पानाच्या वरच सांगा: नमपॅड पद्धतीत कीबोर्डवरच्या आकड्यांच्या मांडणीप्रमाणे 1 ते 9 या दिशा असतात, तर ‘टेकेन’मध्ये 1 ते 4 म्हणजे डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय.

प्रश्न: एकाच मूव्हचा स्टार्टअप (मूव्ह सुरू झाल्यापासून लागेपर्यंतच्या फ्रेम) कुणी 4 लिहितं, कुणी 5. बरोबर कोण?

उत्तर: दोघंही बरोबर असू शकतात. मूव्ह पाचव्या फ्रेमला लागत असेल, तर ‘4’ लिहिणारा फक्त आधीच्या फ्रेम मोजतो, ‘5’ लिहिणारा लागणारी पहिली फ्रेमही धरतो. एकच पद्धत ठरवून साच्याच्या माहितीपानावर लिहा. पडताळा एकूण फ्रेमवरून घ्या: स्टार्टअप 5, अ‍ॅक्टिव्ह 3, रिकव्हरी 10 असेल (अ‍ॅक्टिव्ह म्हणजे मूव्ह लागू शकते त्या फ्रेम, रिकव्हरी म्हणजे नंतर सावरायच्या) तर दुसऱ्या पद्धतीने एकूण 17 भरतात, कारण पाचवी फ्रेम दोन्हीकडे मोजली जाते. 18 आले तर कुणीतरी पद्धती मिसळल्या आहेत. ब्लॉकवरचा फायदा (मूव्ह अडवली गेल्यावर कोण किती फ्रेम आधी मोकळा होतो) या वादात बदलत नाही. मात्र तो पहिल्या अ‍ॅक्टिव्ह फ्रेमला लागल्याचा धरा. हीच मूव्ह तिसऱ्या अ‍ॅक्टिव्ह फ्रेमला लागली तर 2 फ्रेम जास्त मिळतात, आणि तो आकडा चुकून तक्त्यात गेला की वाचक नसलेल्या संधीवर भरवसा ठेवतो.